हलकं, बैठं काम

पत्र आलं त्या सकाळी मी खिडकीच्या काचा पुसत होते. पोस्टमननं ते दाराखालून सरकवलं आणि जिना उतरून गेलासुद्धा. आमचे हे खुर्चीत बसले होते, पाय समोरच्या स्टुलावर.

"सरकारी दिसतंय," हे म्हणाले. "तूच वाच. माझा चष्मा कुठं गेलाय कोण जाणे."

चष्मा त्यांच्या कपाळावर होता. पाकीट फोडणं हल्ली त्यांना जमायचं नाही, आणि जमत नाही हे मला दिसू नये म्हणून चष्मा हरवायचा. हात पुसून मी पाकीट फोडलं.

"आपल्या दिव्यांग निर्वाह भत्त्याच्या अर्जाचा विचार करण्यात आला. अर्जदार चालणे, बसणे, कपडे घालणे इत्यादी दैनंदिन क्रिया स्वतंत्रपणे करू शकतो. हलके, बैठे काम करण्यास अर्जदार सक्षम असल्यामुळे अर्ज नामंजूर करण्यात येत आहे."

"परत वाच."

मी परत वाचलं.

"सक्षम म्हणजे धडधाकटच की," हे म्हणाले. "चला, बरा झालो एकदाचा. वर्षभर तुम्ही सगळे उगाच जीव टाकत होतात."

आणि हसले. एकोणतीस वर्षांच्या संसारात मी हे हसू तीन-चार वेळाच पाहिलं होतं. सासूबाई गेल्या तेव्हा, आणि खात्यानं जॉइंटर लोकांना घरी पाठवलं तेव्हा. मी पत्र घडी करून डब्याखाली ठेवलं आणि परत काचा पुसायला लागले. पुसून झालेलीच काच पुसत होते, हे नंतर लक्षात आलं.

आमचे हे टेलिफोन खात्यात जॉइंटर होते. जॉइंटर म्हणजे जमिनीखालच्या केबली जोडणारा. सांगायला गेलं की लोकांना वाटतं, दोन तारा एकमेकींना पिळल्या की झालं काम. एका जाड केबलीत बाराशे जोड्या असायच्या, म्हणजे चोवीसशे तारा. प्रत्येक तार केसापेक्षा जरा जाड, प्रत्येकीवर रंगीत कागदाचं वेष्टण. ही तार त्या तारेला, ती हिला, एकही चुकता कामा नये. चुकली की डॉक्टरचा फोन खाटकाच्या दुकानात वाजायचा. सगळ्या जोडून झाल्या की वरून शिशाची नळी चढवायची, कडांवर वितळलेलं शिसं ओतायचं आणि ते गरम असतानाच जाड फडक्यानं असं फिरवायचं की गुळगुळीत पोट तयार होईल. पाण्याचा थेंब आत जाता कामा नये. रस्त्यावरचं लोखंडी झाकण उघडून हे सकाळी शिडीनं खाली उतरायचे ते डबा खायलाच वर यायचे. म्हणून सोबतचे लोक यांना 'घूस' म्हणायचे.

आणि मी वर, एक्स्चेंजमध्ये, टेस्ट डेस्कवर. कानाला हेडफोन, समोर प्लगांची भिंत. जॉइंटर खालून आपला हँडसेट एकेका जोडीला लावायचा, मी वरून तपासायचे.

"एकशे बारा."

"आहे."

"एकशे तेरा."

"आहे."

"एकशे चौदा."

"खरखर आहे. परत बघा."

दोन वर्षं मी या माणसाचा फक्त आवाज ऐकला. मागे कुठंतरी पाणी ठिबकत असायचं. एकदा मला कडकडून सर्दी झाली होती. एकशे विसाला मी "आहे" म्हणाले आणि खालून आवाज आला, "तुम्ही आज घरी राहायला हवं होतं." त्या सकाळी मी घरातून निघाले तेव्हा घरात पाच माणसं होती. पाचांतल्या एकालाही हे सुचलं नव्हतं.

मग एके दिवशी स्वारी स्वतःच वर आली. चिखलाचे बूट हातात धरून, मोज्यांवर, कारण एक्स्चेंजची फरशी आरशासारखी पुसलेली असायची. सरळ गेले ते माझ्या मैत्रिणीच्या डेस्ककडे. "नमस्कार. मी तो... खालचा," म्हणाले आणि मग बोलतच सुटले. तुमचा आवाज ऐकला की काम हलकं वाटतं, काय न् काय. माझी मैत्रीण पक्की बिलंदर. गालावर हात ठेवून तिनं सगळं ऐकून घेतलं. शेवटी मलाच राहवेना. मी मागून म्हणाले, "एकशे चौदा. परत बघा."

हे वळले. एवढे लाल कान मी त्याआधी कुणाचे पाहिले नव्हते, नंतरही नाही.

पुढं खात्याचं काम बदललं. तांब्याच्या केबली होत्या तिथंच राहिल्या आणि नव्या काचेच्या आल्या. माझं डेस्क बंद झालं, यांना कंत्राटदाराकडे जावं लागलं. तिथं बारा वर्षं काढली. आणि मग एक दिवस हे घरी आले, बूट काढला तर मोजा रक्तानं भिजलेला. बुटात स्क्रू गेला होता. दिवसभर त्याच्यावर चालले आणि यांना पत्ता नाही. आधी पाय, मग बोटं. डॉक्टरांनी मोठं नाव सांगितलं. अर्थ एवढाच की हातापायांच्या टोकांच्या नसा मेल्या. कशानं, ते कुणी छातीठोकपणे सांगेना. वर्षानुवर्षं शिसं वितळवलं त्याचा एकानं संशय घेतला, दुसऱ्यानं मान हलवली. परत येणार नाहीत, यावर मात्र सगळ्यांचं एकमत.

तर ते पत्र. दुपारी हे झोपले तेव्हा मी पाकीट परत काढलं. आत आणखी एक कागद होता, तपासणीच्या अहवालाची प्रत. त्यात लिहिलं होतं, "अर्जदाराने शर्टाची सर्व बटणे तपासनीसासमोर स्वतः लावली. मदत नाकारली. आधाराशिवाय दालनात दोन फेऱ्या मारल्या. अर्जदार आनंदी व सहकार्यशील."

मी तो कागद हातात घेऊन आत गेले. माणूस झोपलेला आहे याचंही भान राहिलं नाही.

"अहो, बटणं कुणी लावली?"

डोळे उघडले. "कसली बटणं?"

"शर्टाची. दवाखान्यात. रोज सकाळी मी लावते ती बटणं. तिथं कुणी लावली?"

हे छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आठ दिवस सराव केला होता."

"काय केला होता?"

"सराव. तू बाजारात जायचीस तेव्हा. डोळ्यांनी बघून, आरशासमोर. आठव्या दिवशी जमलं. नंतर काही परत जमलं नाही."

"अहो, तुम्ही काय नोकरीच्या मुलाखतीला गेला होतात?" माझा आवाज चढला. "काय जमत नाही ते दाखवायला गेला होतात ना?"

"डॉक्टरीण आपल्या लेकीएवढी होती गं," हे म्हणाले. "मला बनियनवर बसवलं होतं. पायाला टाचणी लावून विचारत होती, 'काका, लागतंय का?' मी प्रत्येक वेळी नाही म्हणत होतो. दहादा नाही म्हणालो. शेवटी तिनं शर्ट दिला आणि म्हणाली, 'मी लावू का बटणं?' मग मी काय करायचं?"

मी कॉटच्या कडेवर बसले.

अपिलाला साठ दिवस होते. हे म्हणाले, नको. नाही म्हटलंय त्यांनी, तर परत हात पसरायला जायचं नाही. लेकीला फोन केला तर ती म्हणाली, "आई, बाबांना विचारत बसू नकोस. तू कर." तिचं म्हणणं सोपं होतं, ती दुसऱ्या शहरात राहते. मी चार दिवस विचार केला आणि पाचव्या दिवशी भाजी आणायला म्हणून निघाले ती थेट त्या कचेरीत गेले.

खिडकीत एक बाई होत्या, चाळिशीच्या, केसांत पेन खोचलेलं. त्यांनी फाईल काढली, चाळली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"मावशी, 'पूर्वी करीत असलेल्या कामाचे वर्णन' या रकान्यात तुम्ही काय लिहिलंय बघा."

मी बघितलं. यांनी मला सांगितलं होतं तेच मी लिहिलं होतं. "तारा जोडणे."

"तारा जोडणे," बाई म्हणाल्या. "वाचणाऱ्याला काय वाटणार? माणूस खुर्चीत बसून तारा जोडत असेल. मग बोटं जरा बधिर झाली म्हणून काय झालं, दुसरं काहीतरी जोडेल. नीट लिहून द्या ना. काय काम होतं, कसं होतं. सोबत काम केलेल्या कुणाचं निवेदन जोडा. नोकरीचा दाखला आणा." मग पुढं वाकून हळूच म्हणाल्या, "आणि रोजचं लिहाल ना, तर वाईट दिवसाचं लिहा. इथं येणारा जो तो आपल्या चांगल्या दिवसाचं लिहितो. पाहुण्यांसमोर घर आवरतात ना, तसं."

घरी येऊन मी यांना काहीच सांगितलं नाही. नुसती वही आणि पेन घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले आणि म्हणाले, "त्या इस्पितळासमोरच्या केबलीचं काय झालं होतं हो? मी विसरले."

विसरले नव्हते. पण खोदकामाच्या यंत्रानं तोडलेली ती केबल म्हणजे यांच्या आयुष्यातली लढाई. हे खुर्चीत ताठ झाले.

"विसरलीस? बाराशेची केबल! दोन टोकं अशी लोंबत होती. अख्खं इस्पितळ बहिरं झालेलं. साहेब वरून ओरडतायत, किती वेळ, किती वेळ. मी म्हटलं, साहेब, तुम्ही ओरडलात तर एक तास जास्त. खड्ड्यात गुडघाभर पाणी. माझ्या जोडीचा लांब्या बादलीनं उपसतोय. आधी उकळतं मेण ओतून कागदातली ओल काढली. मग बसलो. लाल-पांढरी, निळी-पांढरी..."

मी लिहीत गेले. सलग आठ-दहा दिवस आम्ही असे बसलो. चहा गार व्हायचा, भाजी खाली लागायची. शहरातला एकेक खड्डा वर आला. कुठल्या खड्ड्यात साप निघाला, कुठं वरच्या बेकरीची ऊब खाली यायची म्हणून सगळे तिथलंच काम मागायचे, लांब्याची उंची एवढी की उभं राहिलं की डोकं रस्त्याच्या वर आणि जाणारे-येणारे दचकायचे. हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं. वर्षभरात आमच्या घरात एवढं हसू नव्हतं. मी मधेच म्हणाले, "आणि एकशे चौदाला खरखर होती." तर म्हणाले, "ती खरखर मीच मुद्दाम केली होती. मला तुझा आवाज परत ऐकायचा होता."

एवढ्या वर्षांनी हे कळलं मला. खरं असेल की तेव्हाच रचलं असेल, देव जाणे.

वही अर्धी भरली तेव्हा मी पहिल्यापासून वाचून काढली आणि कपाळावर हात मारला. हा अपिलाचा अर्ज नव्हता, हा सत्काराचा लेख होता. वाचणाऱ्यानं यांना दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं असतं. वाईट दिवसाबद्दल यांच्या तोंडून एक अक्षर निघालं नव्हतं. विचारलं की म्हणायचे, "तसं काही नाही. चाललंय."

नोकरीच्या दाखल्यासाठी जुन्या एक्स्चेंजमध्ये जावं लागणार होतं. लांब्याला फोन केला, तो गाडी घेऊन आला. केस सगळे पिकलेले, पाठीला बाक आलेला, तरी दारातून आत येताना वाकावं लागलंच. "वहिनी," म्हणाला, "घुशीला बाहेर काढलंत, कमाल आहे."

एक्स्चेंजच्या वरच्या मजल्यावर आता फर्निचरचं दुकान होतं. माझं डेस्क होतं तिथं एक भलामोठा सोफा मांडला होता. मी त्याच्यावर जाऊन बसले. विकणारी मुलगी धावत आली, "मॅडम, रंग दुसरे पण आहेत." मी म्हटलं, "नको, जागा बघत होते."

रेकॉर्डची खोली मागच्या अंगाला. तिथला म्हातारा रखवालदार यांना ओळखत होता. दाखल्याची नक्कल मिळाली, आणि मग त्यानंच किल्ल्यांचा जुडगा वाजवत विचारलं, "खाली बघायचंय?"

खाली म्हणजे तळघरातलं केबल चेंबर. शहराच्या सगळ्या केबली जमिनीतून तिथं वर यायच्या. पायऱ्यांवर लांब्या यांच्या पुढं, मी मागं. दिवा लागला. केबली होत्या तशाच होत्या, भिंतीवर एकीखाली एक, काळ्या, जाड, धूळ बसलेल्या. आणि प्रत्येकीवर शिशाची ती पोटं. कोण्या जॉइंटरनं कुठलं पोट वळलंय हे बघून ओळखता यायचं, जसं अक्षर ओळखता येतं. लांब्या म्हणाला, "हे बघ, हे साहेबांच्या मेव्हण्याचं. कसलं ओबडधोबड." आणि हे एका ठिकाणी थांबले. दोन्ही बाजूंना सारखं उतरतं, गुळगुळीत, मधोमध फुगीर पोट. कुणी सांगायची गरज नव्हती.

यांनी त्याच्यावर तळहात ठेवला. जरा दाबला. मग दुसरा हातही ठेवला. मला वाटलं, जुन्या आठवणी निघाल्या असतील. मी मागे उभी राहिले.

"अगं," हे म्हणाले. "हे गार आहे का?"

मी पुढं झाले आणि त्यांच्या हाताशेजारी माझा हात ठेवला. बर्फासारखं गार होतं ते.

"आहे," मी म्हणाले. "गार आहे."

"मला कळत नाहीये." हात तसेच ठेवून हे म्हणाले. "गार नाही, गरम नाही, गुळगुळीत नाही. मला काहीच कळत नाहीये गं."

लांब्या दुसऱ्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. रखवालदार जिन्यापर्यंत जाऊन उगाच दिव्याचं बटण बघत बसला. मी यांच्या दंडाला धरलं आणि तशीच उभी राहिले.

घरी आल्यावर हे स्वतःहून टेबलाशी बसले. "लिही," म्हणाले. आणि सांगायला लागले. अंघोळीचं पाणी किती तापलंय ते कळत नाही म्हणून कोपरानं बघतो. गेल्या थंडीत हीटरला पाय टेकून बसलो होतो आणि जळल्याचा वास आल्यावर कळलं की पाय माझाच आहे. अंधारात उभं राहता येत नाही, कारण जमीन डोळ्यांनी बघितली तरच पायाखाली असते. कप हातात आहे की सुटला, ते आवाज झाल्यावर कळतं. रस्त्यावर लोकांना वाटतं मी प्यायलोय. ही सगळी वाक्यं मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते. सगळं मी पाहिलेलं होतं, पण ऐकलं नव्हतं. पानभर झालं. आधीच्या वहीतली दहा पानं मी कामाचं वर्णन म्हणून जोडली. साप आणि बेकरी गाळली. मग बेकरी परत घातली.

सुनावणीला दोन महिन्यांनी बोलावलं. लांब्या साक्षीला येणार होता आणि नेहमीप्रमाणे त्यानं उशीर केला. आम्हाला आत बोलावल्यानंतर हा कॉरिडॉरमध्ये धापा टाकत पोहोचला आणि दारावरच्या शिपायाला म्हणाला, "घूस आत गेली का?" शिपाई ताडकन उभा राहिला. "ओ साहेब, हळू! इथं तसलं काही घेत नाहीत!" आतल्या तिन्ही पंचांना ते स्वच्छ ऐकू गेलं. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. यांनी शांतपणे सांगितलं, "माझंच नाव आहे ते. लाडाचं." डाव्या बाजूच्या बाईंनी तोंडाला रुमाल लावला.

मधल्या गृहस्थांनी फाईल उलटली. "तुमचं काम कष्टाचं होतं, ते आता कळलं. पण प्रश्न तो नाही. हलकं, बैठं काम का जमू नये? समजा, फायली लावणं. तिकिटं देणं."

"साहेब, कागद हातात आहे की पडला, हे मला बघितल्याशिवाय कळत नाही," हे म्हणाले. "आणि बघत राहिलो तर एका वेळी एकच कागद होतो. संध्याकाळपर्यंत वीस होतील. कोण ठेवेल मला?"

"पण तपासणीत तुम्ही बटणं लावली होतीत."

मी यांच्याकडे पाहिलं.

"त्यात डॉक्टरीणबाईंची चूक नाही," हे म्हणाले. "मी त्यांना फसवलं. आठवडाभर सराव करून गेलो होतो. लाज वाटली म्हणून. तीस वर्षं या हातांचं नाव होतं साहेब. माझी जोडणी परत उघडावी लागली नाही कधी. ते हात कुणासमोर कामातून गेलेत म्हणून दाखवायचे, हे मला येत नव्हतं. आता येतं."

गृहस्थांनी काहीतरी लिहिलं. लांब्याला आत घेतलं, त्यानं मोजून चार वाक्यं सांगितली आणि पाचव्याला रडला, त्यामुळे त्याला पाणी देऊन बाहेर बसवावं लागलं. अर्ध्या तासात आम्ही रस्त्यावर होतो.

दीड महिन्यानं पत्र आलं. मंजूर. अपिलाच्या तारखेपासून, मागचं काही नाही, आणि तीन वर्षांनी फेरतपासणी. मी मोठ्यानं वाचत होते आणि वाचता वाचता त्या वाक्याशी आले, "अर्जदार कोणतेही नियमित काम करण्यास अक्षम आहे," तसा माझा आवाज उतरला.

"परत वाच," हे म्हणाले.

"राहू दे ना. मंजूर झालंय."

"वाच गं."

मी वाचलं. यांनी मान हलवली आणि उठून गॅलरीत गेले. दोन दिवस धड बोलले नाहीत. लेकीनं फोनवर आनंदानं आरडाओरडा केला, तिच्याशीही हो-नाही एवढंच. मला आधी राग आला. एवढी धावाधाव केली ती कशासाठी? मग माझ्या ध्यानात आलं की पहिल्या पत्रानं यांना खोटं पाडलं होतं आणि दुसऱ्यानं खरं ठरवलं, आणि खरं ठरणं जास्त जड होतं. मी समजूत घालायला गेले नाही. डेस्क बंद झालं तेव्हा मीही आठवडाभर कुणाशी बोलले नव्हते. तेव्हा यांनी मला एक प्रश्न विचारला नव्हता, नुसते रोज संध्याकाळी माझ्या शेजारी येऊन बसायचे. तसंच मी केलं.

तिसऱ्या दिवशी हे म्हणाले, "बाहेर जाऊ या जरा. बसनं."

बसमध्ये पुढची जागा मिळाली. हे खिडकीशी, मी शेजारी. पहिले दोन स्टॉप गप्प होते. मग बोट काचेला टेकवून म्हणाले, "इथं खाली सहाशे आहेत." थोड्या वेळानं, "या चौकात तीन केबली एकमेकींवरून जातात. मधली माझी." मग थांबेचनात. शाळेच्या भिंतीखालून दोनशे, दवाखान्याला शंभर, त्या कोपऱ्यावरच्या बोळात पन्नासच पण सगळ्यात त्रासाच्या. मागच्या सीटवरच्या बाई पुढं वाकून ऐकायला लागल्या. शेवटी त्यांनी विचारलंच, "काका, त्या तारा अजून चालू आहेत?"

"नाही हो. सगळ्या बंद," हे म्हणाले. "काढायला परवडत नाही म्हणून ठेवल्यात."

आणि हसले. हे हसू निराळं होतं, मोज्यांवर फरशी ओलांडून आलेल्या माणसाचं.

बाजाराच्या स्टॉपला आम्ही उतरलो. पायरी उंच होती. मी आधी उतरले आणि हात पुढं केला. एरवी हे "येतंय मला" म्हणून झिडकारतात. या वेळी त्यांनी खाली बघितलं, पायरी नीट पाहिली, आणि माझ्या हातावर भार टाकून सावकाश उतरले. मग आम्ही बल्ब घ्यायला गेलो, स्वयंपाकघरातला गेले आठ दिवस गेलेला होता.